जुने हेवीवेट: हात मोजावेत की पाय बघावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुष्टियुद्धातल्या सगळ्यात जड, म्हणजे हेवीवेट गटातले जो लुई, मार्सियानो, अली, फोरमन, टायसन आणि लेनक्स लुईस हे सगळे ऐन भरात एकमेकांसमोर आले असते, तर शेवटी कोण उभा राहिला असता? आणि आजच्या सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीसमोर १९५२ सालचा ८४-८५ किलोचा माणूस टिकला असता का? सोबत तुम्ही उंची, वजन, हातांची पोहोच आणि नॉकआउटचा तक्ताही दिलाय. मेहनत दिसते. पण त्यावरून निकाल काढणं म्हणजे छत्तीस गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होणार असं सांगण्यासारखं आहे. मी तीस वर्षं पोरांना मुष्टियुद्ध शिकवतोय आणि वजनकाट्यापाशी पैज लावून बऱ्याचदा तोंडावर पडलोय.

ही हौस काही आजची नाही. १९६९ साली रॉकी मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती आणि अली बंदीमुळे घरी बसलेला. मार्सियानोने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला आणि दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले आणि निकाल सोपवला कम्प्युटरवर. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत तो दाखवला: तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी. बिचारा स्वतः ते बघायला नव्हता, ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेला होता. आमच्या तालमीत याला नूरा कुस्ती म्हणतात.

आधी वजनाचं बघू. १९१९ च्या ४ जुलैला टोलेडोत जॅक डेम्प्सी सुमारे ८५ किलोचा होता आणि समोरचा जेस विलर्ड १११ किलोचा, साडेसहा फुटांच्या वर. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली गेला आणि तिसरी संपल्यावर स्टुलावरून उठलाच नाही. 'उंचीने काही होत नाही' म्हणणारे हीच लढत पुढे करतात. पण ती फिल्म नीट बघा. विलर्ड उठायला लागला की डेम्प्सी डोक्यावर उभा, गुडघा जमिनीवरून सुटताच पुढचा ठोसा. प्रतिस्पर्धी पडल्यावर लांबच्या कोपऱ्यात जायचं, हा नियम तेव्हा नव्हता. पुढे तो नियम आला आणि १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडल्यावर डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच रेंगाळला. पंचाने मोजणी उशिरा सुरू केली, टनीला मोलाचे सेकंद मिळाले आणि लढतही त्यानेच मारली. म्हणजे एकच सवय, एकदा जिंकवून गेली आणि एकदा बुडवून.

तुमच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट सुटलीय. क्रूझरवेट हा हेवीवेटच्या लगेच खालचा गट १९७९ पासूनचा. आज त्याची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९१ किलोच्या जरा आत. हा गट नव्हता तेव्हा ८० किलोच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेटच. मार्सियानो आणि डेम्प्सी आज सरळ क्रूझरमध्ये खेळले असते. जो लुईनेही १९३८ साली श्मेलिंगला सुमारे ९० किलो वजनावर फोडलं. त्यामुळे '१९५० चा हेवीवेट विरुद्ध आजचा हेवीवेट' ही जोडच वेगवेगळ्या गटांतली आहे.

तरी वजन नक्की कुठे नडतं हे सांगतो, कारण बघणाऱ्याला ते दिसत नाही. ठोसा मारण्यात फारसं नाही. ९० किलोच्या माणसाचा नीट बसलेला उजवा ठोसा कोणालाही झोपवायला पुरेसा आहे. वजन नडतं मिठीत, ज्याला आम्ही क्लिंच म्हणतो. लेनक्स लुईस सहा फूट पाच इंच, शेवटच्या लढतीत ११६ किलो. तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारायचा, उजवा मारायचा आणि समोरचा आत घुसला की हात गुंडाळून मानेवर भार टाकायचा. व्लादिमीर क्लिच्कोने तर याचा कारखानाच काढला. बारा फेऱ्यांत वीस-पंचवीस वेळा मानेवर असा भार पेलायचा म्हणजे पाठीवर सिमेंटची दोन पोती घेऊन जिना चढण्यासारखं. पाचव्या-सहाव्या फेरीत बुटक्याचे पाय जड होतात आणि मग तो आत शिरायचंच टाळतो. शिवाय जुने पंच आतली मारामारी चालू द्यायचे, आजचे झटकन सोडवतात. बुटक्याची भाकरी जिथे भाजते तोच तवा त्यांनी उतरवून ठेवलाय. फ्युरीसमोर मार्सियानोची अडचण उंची नाही, ती ही आहे.

आता पोहोच, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. तक्त्यात तुम्ही सनी लिस्टनच्या नावापुढे ८४ इंच लिहिलंय. अलीची ७८ च्या आसपास. म्हणजे लिस्टन दोन-तीन इंच बुटका असून पोहोच पाच-सहा इंच जास्त, आणि जॅब असा की फ्लॉइड पॅटरसनला त्याने दोनदा पहिल्याच फेरीत उचलून ठेवलं होतं. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर या लांब हातांचं काय झालं? लिस्टनने जॅब मारला की तो अलीच्या तोंडापासून वीतभर अलीकडे संपायचा. कारण ठोसा निघण्याआधीच अलीचा मागचा पाय अर्धा फूट सरकलेला असायचा, आणि लिस्टनचा पुढचा पाय मात्र जिथल्या तिथे रोवलेला. हात कितीही लांब असो, तो पायाच्या अंगठ्यापासून मोजायचा असतो. सहा फेऱ्यांनंतर लिस्टन खांद्याचं कारण सांगून बसून राहिला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याकडे एक सहा फूट तीन इंचांचा पोरगा होता, ९१ किलोच्या वरच्या गटातला. जिल्हा पातळीवर सगळे त्याच्या उंचीला घाबरायचे. एकदा त्याला पाच फूट नऊच्या पोराबरोबर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं केलं आणि जमिनीवर खडूने दोघांच्या पुढच्या पायाच्या खुणा करत गेलो. दोन मिनिटांत उंच पोराच्या खुणा एका ताटाएवढ्या जागेत, आणि बुटक्याच्या अख्ख्या रिंगणभर. मार कोणी खाल्ला ते सांगायला नको. 'सर, हात पोचतच नाहीत त्याच्यापर्यंत,' असं मला उंच पोरगा म्हणाला!

जो लुई मात्र पायांनी चपळ नव्हता, फरफटत पुढे सरकायचा. मग तो इतका थोर कसा? त्याचा ठोसा प्रवासच करत नसे. जॅक ब्लॅकबर्नने त्याला शिकवलं होतं की कोपर अंगाजवळ, खांदा फिरवायचा आणि सहा-आठ इंचांत काम संपवायचं. डावा-उजवा-डावा हे तीन ठोसे तो दरवाजाएवढ्या जागेत मारायचा. आजवर एवढ्या कमी जागेत एवढी ताकद काढणारा दुसरा हेवीवेट मला दिसलेला नाही. १९३७ ते १९४९ अजिंक्यपद आणि पंचवीस बचाव उगाच झाले नाहीत.

पण त्याच्या बचावातलं भोक जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला दिसलं. लुई जॅब मारून हात परत आणताना तो सरळ हनुवटीकडे न आणता छातीवरून आणायचा. तेवढ्या अर्ध्या सेकंदात डावा गाल उघडा. १९३६ च्या जूनमध्ये यांकी स्टेडियमवर श्मेलिंगने रात्रभर तेवढीच वाट बघितली: जॅब आला, हात खाली गेला, उजवा वरून. चौथ्या फेरीत लुई पडला, बाराव्यात संपला. दोन वर्षांनी त्याच मैदानावर लुईने १२४ सेकंदांत हिशेब चुकता केला, आणि या वेळी जॅबनंतर हात खाली दिसायला श्मेलिंगला सवडच दिली नाही. ही सवय माझीही होती. माझ्या सरांनी वर्षभर मला हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून जॅब मारायला लावला. डावा खाली आला की पॅडचा एक फटका कानाजवळ. कान आजही शेकतो.

लुईला चालत्या माणसाचा त्रास व्हायचा. १९४१ मध्ये बिली कॉन हा ८० किलोही नसलेला गडी बारा फेऱ्यांपर्यंत पुढे होता. तेराव्यात त्याला नॉकआउटचा मोह झाला, उभा राहून देवाणघेवाण करायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला. म्हणून 'लुई विरुद्ध अली' विचाराल तर माझं मत १९६६ च्या अलीला. ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत गुंडाळणारा तो अली कॉनपेक्षा पंधरा किलोंनी मोठा आणि तितकाच चपळ. पण गुणांवर, आणि निदान एकदा खाली बसून. कारण अलीचा दोष जुना होता: हात कमरेला आणि ठोसा आला की मान सरळ मागे. डाव्या हूकसमोर, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशासमोर, हे चालत नाही. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने त्याला तसंच पाडलं, आणि १९७१ च्या ८ मार्चला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरने. आमच्या पोरांनी हात खाली ठेवून 'अलीसारखं' केलं की मी त्यांना ही दोन दृश्यं दाखवतो.

फ्रेझरच्या त्या डाव्या हाताची गंमत आहे. लहानपणी डुकराच्या भानगडीत पडून त्याचं कोपर दुखावलं होतं आणि हात पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. जॅबला हा अवगुण, पण हूकसाठी हात कायमचा वाकवून, तयार. पाच फूट साडेअकरा इंचांचा माणूस, खाली वाकत, डोकं हलवत, धापा टाकत यायचा आणि खालून वर येताना डावा सोडायचा. अलीला त्याने तीन लढतींत जन्माचं दमवलं. १९७५ ला मनिलात चौदाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक एडी फचने त्याला थांबवलं नसतं तर काय झालं असतं यावर अजून भांडणं होतात.

तोच फ्रेझर १९७३ च्या जानेवारीत किंग्स्टनला जॉर्ज फोरमनसमोर दोन फेऱ्यांत सहा वेळा पडला. वजनात फरक किती? जेमतेम दीड-दोन किलो. पण फ्रेझर खालून वर यायचा तो नेमका तिथेच, जिथे फोरमनचा उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) वाट बघत असायचा. शिवाय फोरमन दोन्ही हातांनी खांदे ढकलून त्याला मागे रेटायचा, म्हणजे जवळ यायची सोयच बंद. अलीजवळ तशी ढकलायची ताकदही नव्हती आणि अपरकटही बेताचा, म्हणून फ्रेझर त्याच्या छातीवर जाऊन बसायचा.

आता केन नॉर्टन घ्या. त्याने १९७३ मध्ये सॅन डिएगोत अलीचा जबडा मोडला आणि पुढच्याही दोन्ही लढतींत त्याला रडवलं. १९७४ च्या मार्चमध्ये काराकासला फोरमनने त्याला दुसऱ्या फेरीत संपवलं. मग त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला किन्शासात अलीने फोरमनला आठव्यात झोपवलं. म्हणजे फोरमन नॉर्टनला मारतो, नॉर्टन अलीला त्रास देतो, अली फोरमनला मारतो. कागद-कात्री-दगड. म्हणून मला 'पहिल्या दहांत क्रम लावा' म्हटलं की अंगावर काटा येतो. क्रम सरळ रेषेत लागतच नाही.

किन्शासाबद्दल सगळे अलीने दोरांवर टेकून मार खाल्ल्याचं सांगतात. मी पोरांना पहिली फेरी दाखवतो. अली डावा पुढे ठेवून उभा राहणारा, म्हणजे त्याचा उजवा मागे, लांबून येणारा. जॅबची तयारी न करता मागचा हात थेट मारणं हा समोरच्याचा अपमान समजला जातो, कारण तो दिसतो आणि वेळ देतो. अलीने त्या फेरीत फोरमनला असे उजवे एकामागून एक मारले. फोरमनची तयारी जॅबची होती. त्या फेरीत तो चिडला तो चिडलाच, आणि पुढच्या सात फेऱ्या त्याने रागाने मारल्या. दोरांवर असताना अलीचा एक हात कुठे आहे ते बघा: फोरमनच्या मानेवर, सतत खाली दाबत. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, हाच फोरमन ४५ व्या वर्षी, ११३ किलोचा, डावखुऱ्या मायकल मूररसमोर नऊ फेऱ्या शांतपणे मार खात राहिला आणि दहाव्यात एक छोटा सरळ उजवा मारून पुन्हा अजिंक्य झाला. घाई न करणं त्याला किन्शासाने शिकवलं, असं मला वाटतं.

मार्सियानो आणि टायसन यांना तुम्ही 'बुटके, ताकदवान' अशा एकाच रकान्यात टाकलंय, ते खोडा. पाच फूट दहाच्या आसपास दोघेही, पण जात वेगळी. मार्सियानो मंद, बेढब, पोहोच ६८ इंच. प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला सरळ उभं करायचा नाद सोडला आणि उलट आणखी वाकायला लावलं, इतकं की समोरच्याला मारायला डोक्याचा टाळूच मिळावा. तो दंडांवर, खांद्यांवर, कोपरांवर, जे सापडेल त्यावर मारायचा. दहाव्या फेरीनंतर समोरच्याचे हातच उचलत नसत. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं होतं, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्यात एक उजवा, जेमतेम फूटभर लांबीचा. पंधरा फेऱ्यांच्या काळातला माणूस होता तो. बारा फेऱ्यांच्या आजच्या नियमात ती लढत तो हरला असता आणि ४९ लढतींत एकही हार नाही, हा ४९-० चा आकडा कोणाच्या तोंडी नसता.

टायसन म्हणजे स्फोट. हात गालांना चिकटलेले, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं, ठोसा चुकवताना पाय बाजूला आणि त्या नव्या कोनातून दोन-तीन ठोसे. प्रशिक्षक कस डमाटोच्या हाताखाली घडलेला. १९८६ मध्ये वीस वर्षांचा असताना ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून अजिंक्य. लोक म्हणतात, उंच आणि लांब हाताच्या माणसाने त्याचं बिंग फोडलं. चूक. १९८७ मध्ये टोनी टकर सहा फूट पाच होता, पोहोच ८२ इंच, आणि टायसनने त्याला गुणांवर आरामात हरवलं. १९९० ला टोकियोत त्याला हरवणाऱ्या बस्टर डग्लसची पोहोच ८३. म्हणजे एका इंचाचा फरक. बदललं होतं ते टायसनचं डोकं, शब्दशः: ते हलायचं थांबलं होतं. स्पिंक्सला ९१ सेकंदांत उडवल्यानंतर प्रशिक्षक केविन रूनीला त्याने दूर केलं होतं. टोकियोत डोळा सुजत गेला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात सूज उतरवायची थंड पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. जिल्हा स्पर्धेत आमची पोरंही याहून तयारीने जातात.

लॅरी होम्सचं नाव तुमच्या तक्त्यात नाहीच. भरा. अलीचा स्पारिंग पार्टनर म्हणून शिकलेला, १९७८ ते १९८५ अजिंक्य, आणि हेवीवेटमधला सर्वोत्तम जॅब माझ्या मते त्याचाच. अलीचा जॅब डिवचायचा, होम्सचा जॅब दात हलवायचा. अलीनंतर लगेच आला, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि लेनक्स लुईस. दोनदा एकाच उजव्याने झोपला, १९९४ ला मॅकॉल आणि २००१ ला रहमान. दोघांचीही परतफेड केली. मॅकॉलने पाडलं त्या रात्री मॅकॉलच्या कोपऱ्यात इमॅन्युएल स्टुअर्ड होता. लुईसने सरळ त्यालाच आपला प्रशिक्षक नेमलं. स्वाभिमान गिळून शिकणारे फार थोडे असतात. तुमच्या यादीतल्या जुन्या मंडळींना सगळ्यात जड गेला असता तो हाच. जॅब, भार, अपरकट, सगळं आहे. मार्सियानो माझा लाडका, पण लुईससमोर मी त्याला उतरवणार नाही. जो लुईला मात्र उतरवीन. तो आखूड उजवा लुईसच्या हनुवटीवर बसण्याची शक्यता मला पुरेशी वाटते.

राहिला फ्युरी. याचं उत्तर मला कल्पनेने द्यावंच लागत नाही, २०२४ मध्ये रियाधला दोनदा मिळालंय. ओलेक्झांडर उसिक सहा फूट तीन, पोहोच ७८ इंच, म्हणजे जवळजवळ अलीचाच साचा. मेमध्ये तो १०१ किलोचा होता आणि फ्युरी ११९. नवव्या फेरीत फ्युरी दोरांनी धरला म्हणून पडला नाही एवढंच. डिसेंबरमध्ये फ्युरी १२७ वर आला आणि पुन्हा हरला. उसिक क्रूझरमधून आलेला डावखुरा. त्याचा पुढचा पाय सतत समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर असतो, त्यामुळे त्याचा डावा सरळ रेषेत आणि फ्युरीचा उजवा वळसा घेऊन. फ्युरी मिठी मारायला जातो तोवर हा तिथे नसतोच. १९६६ चा अली हेच करू शकला असता का? हो. मार्सियानो? नाही. फ्रेझरचा पहिला अर्धा तास बघायला मात्र मी पदरचे पैसे मोजेन.

तक्त्यात एक रकाना वाढवायचा असेल तर हे करून बघा. लिस्टन-अली पहिली लढत लावा, आवाज बंद करा आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाका, फक्त कमरेखालचं दिसेल असा. तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांच्या पुढच्या पायांनी किती जागा बदलल्या ते वहीत रेघा मारून मोजा. मग तेच उसिक-फ्युरीचं करा, आणि आकडे मला कळवा.